कासेला गाल

मेरिगच्या हातांची बोटं नोव्हेंबरात मरायची ती एप्रिलात जिवंत व्हायची. पाटीच्या दगडाच्या खाणीत अर्धं आयुष्य ड्रिल मशीन धरून काढलं, त्याची ही पेन्शन. थंडी लागली की बोटं टोकापासून पांढरी पडत आणि मग सुई टोचली तरी पत्ता लागत नसे. खाण बंद पडली, मशीन भंगारात गेलं, बोटं मात्र होती तशीच राहिली.

फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात पूर्वेचा वारा डोंगरावरून थेट गोठ्यात शिरत होता. दूध काढायचा खड्डा कंबरेपेक्षा खोल. त्यात मेरिग उभा आणि दोन्ही बाजूंना वर गायी, पाठ करून. कास खांद्याच्या उंचीला येई. पुसायची, पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढून बघायच्या, कास चाचपायची. कुठे गरम लागली, कुठे गाठ लागली, तर दगडीची, म्हणजे कास सुजून दूध नासायच्या रोगाची, सुरुवात समजायची आणि गाय बाजूला काढायची. नाही तर यंत्राच्या नळ्या लावायच्या, की पुढची.

चाचपायचं काम एरवी माणूस हातानं करतो. मेरिग मान वाकडी करून गाल लावायचा. गालाला सगळं कळायचं. गाय पहिल्यांदा दचकायची, मग सवयीची व्हायची. दिवसातून दोनदा एवढ्या कासांना लागणारा गाल बायकोच्या गालाला काही तेवढा लागत नव्हता, असं एल्युनेद स्वतःच म्हणायची.

हे सगळं आसपास कुणी नसतानाच. फरशीवर एल्फेदचे बूट वाजले की मेरिग गाल काढून घ्यायचा आणि हात पुढे करायचा.

एल्फेद म्हणजे मालक. दोघं गावच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढं एकाला बापाच्या गायी आल्या आणि दुसऱ्याला खाण. गोठ्यामागचं घर एल्फेदचंच, पण त्यात कायम गोठ्याचा कारभारी राहायचा. एल्युनेद त्याच घरात जन्मली, कारण तिचा बाप इथेल जन्मभर इथला कारभारी होता. इथेलचे खुबे गेले आणि खाण बंद पडली ती एकाच वर्षी. तेव्हा एल्फेदनं मेरिगला शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं. अर्धा पगार सरकारचा, अर्धा त्याचा. केस पिकायला लागलेला उमेदवार कॉलेजात मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर बसू लागला. पोरं त्याला 'आजोबा' म्हणत. वाईट हेतूनं नव्हे, पण म्हणत.

पहिल्या दिवशी एल्फेदनं विचारलं होतं, "खाणीनं हातपाय काही खाल्ले नाहीत ना रे तुझे?"

"ठणठणीत," मेरिग म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. जुलै महिना होता. हात गरम होता.

बोली अशी होती: काम शिकायचं, गणिताची लेव्हल एक पास व्हायची, मग लेव्हल दोन. दोन झाली की शिक्षण पुरं, कारभारीपण कायम आणि घर त्याच्याकडे. नाही झाली तर वसंतात दुसरा कारभारी येणार आणि घर त्याला लागणार. एल्फेदनं हे न रागावता, न धमकावता सांगितलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

लेव्हल एक मेरिगनं जूनमध्ये पहिल्या झटक्यात काढली. लेव्हल दोनला नोव्हेंबरात बसला आणि आपटला. परीक्षा कॉम्प्युटरवर. घरी चुलीजवळ बसून पेन्सिलीच्या थोटकानं जी गणितं तो सोडवायचा, तीच तिथे समोर आली. पण माउस हातात आहे की नाही हेच कळेना. बाण भलतीकडे जाई, चुकीच्या उत्तरावर टिचकी बसे, ती काढता काढता वेळ संपला. आता येत्या शुक्रवारी दुसरी आणि शेवटची संधी होती.

मंगळवारी दुपारच्या दुधाला लाउरीबाई आल्या. कॉलेजच्या बाई. गोठ्यागोठ्यातून फिरून उमेदवारांचं काम बघायचं आणि त्यांना एका लेव्हलवरून दुसरीवर ढकलायचं, ही त्यांची नोकरी. बिचाऱ्या नव्या होत्या. बूटही नवे होते.

"मेरिग, तुम्ही रोजच्यासारखंच करा," त्या म्हणाल्या. "मी इथे नाहीच असं समजा."

"आणि मीही नाही," एल्फेद म्हणाला आणि कठड्याला रेलून उभा राहिला.

एक नाही, दोन नसलेली माणसं बघत होती. मेरिगनं गायी आत घेतल्या. पुसलं, धारा काढल्या, हात कासेवर फिरवला. हातमोज्याच्या आत आणखी एक हातमोजा असावा तसा हात फिरला. काही कळलं नाही. पहिल्या गायीला कळलं नाही, दुसरीला कळलं नाही. मेरिग "साफ" म्हणत गेला आणि नळ्या लावत गेला. नळ्या लावायला डोळे पुरतात.

मग पेन्वेन आली. पेन्वेन म्हणजे पांढऱ्या डोक्याची; हिचं तोंड पांढरं, म्हणून हे नाव. बाकी गायींना कानात नंबर होते. हिला नाव होतं, कारण इथेलनं काम सोडण्याआधी शेवटची वाढवलेली कालवड ती हीच. पेन्वेननं खड्ड्याकडे मान वळवून बघितलं आणि मागचा पाय उचलून पुन्हा ठेवला. रोज ती असं करत नसे. वाटीत धारा स्वच्छ दिसल्या. मेरिगचा गाल आपोआप पुढे निघाला होता. त्यानं वर बघितलं. लाउरीबाई बघत होत्या, एल्फेद बघत होता. चाळिशी उलटलेला बाप्या गायीच्या ढुंगणाशी तोंड नेतोय, हे त्या दोघांच्या नजरेनं त्यालाच दिसलं. लाज वाटली. त्यानं मान सरळ केली आणि हात फिरवला.

"साफ," तो म्हणाला.

"छान," लाउरीबाई म्हणाल्या.

काम संपल्यावर त्या चहाला घरात आल्या. इथेल चुलीशेजारी आपल्या खुर्चीत होता, मांडीवर घोंगडी, डोक्यावर टोपी. घरातही तो टोपी काढत नसे.

"काय बाई, आमचे उमेदवार पास का?"

"कामात पहिला नंबर. आता फक्त गणित राहिलं."

"आम्ही बाई कुठल्याच लेव्हलला नव्हतो. गायींनी कधी विचारलं नाही."

"गायी नाही विचारत हो, माझे साहेब विचारतात," लाउरीबाई हसून म्हणाल्या आणि मग त्यांचं हसू ओसरलं. "या वर्षी माझे निम्मे लोक एकवरच अडकलेत. मेरिग, मला एक कळत नाही. सराव तुमचा चांगला आहे. मग परीक्षेत होतं काय?"

"घाबरतो."

"तसं असेल तर ठीक. पण दुसरं काही असेल ना, म्हणजे डोळे, हात, वाचायला त्रास, काहीही, तर सांगायचं असतं. जास्त वेळ मिळतो. तुम्ही उत्तर सांगायचं आणि दुसऱ्यानं टाइप करायचं, असा माणूसही मिळतो. डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि मालकाला कळवावं लागतं, तेवढंच."

मेरिगचे हात टेबलाखाली गेले. एल्युनेद लोणी लावत होती, तिची सुरी थांबली.

"मला काही नाही," मेरिग म्हणाला.

लाउरीबाईंची गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा एल्युनेद बटाटे सोलायला बसली होती.

"सांगून टाक त्याला," ती म्हणाली.

"सांगितलं की घर गेलं. मेलेल्या हाताच्या माणसाला कोण देतो गायी?"

"आणि शुक्रवारी नापास झालास म्हणजे?"

"गरम पाण्यात हात बुडवून जाईन."

"पाणी बरोबर घेऊन बस मग परीक्षेला. बादलीभर."

 इथेलनं टोपी डोळ्यांवर ओढली होती. तो झोपला आहे असं दोघांना वाटलं.

बुधवारी सकाळी पेन्वेन दुधाला आली नाही. मेरिग शोधत गेला तर ती आपल्या जागी आडवी पडलेली, मान पोटाशी वळवलेली. कान गार, डोळे आत गेलेले. कासेचा मागचा उजवा भाग जांभळा. मेरिग शेणात गुडघे टेकून बसला आणि त्यानं गाल लावला. आता बघायला कुणी नव्हतं. कास गरम नव्हती. गरम असायची वेळ कालच होऊन गेली होती. गालाला ओल्या दगडासारखा गारवा लागला.

एल्फेद आला, गुरांचा डॉक्टर आला. मानेच्या शिरेत सुया झाल्या, पोटात नळीनं पाणी घालून झालं. मेरिग डोकं धरायला होता. डॉक्टरनं सड पिळला तर लालसर पाणी आलं.

"काल कशी होती?" डॉक्टरनं विचारलं.

"काल यानं बघितली होती. माझ्या डोळ्यांदेखत," एल्फेद म्हणाला. "बघितली होतीस ना?"

"बघितली होती."

"मग?"

"रात्रीतून चढली असेल."

"चढते अशी कधी कधी," डॉक्टर म्हणाला. दुपारी त्यानं मान हलवली आणि तिला कायमचं निजवलं.

एल्फेदनं मेरिगच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. तू सगळं बरोबर केलंस, मी होतो की तिथं."

याच्यापेक्षा त्यानं एक लगावली असती तर बरं झालं असतं. मेरिगला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बोटांचं झालं होतं तेच आत छातीत झालं होतं. त्यानं पेन्वेनला दोर लावून ट्रॅक्टरनं अंगणात ओढून आणलं, वर ताडपत्री टाकली, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि बाकीच्या गायींचं दूध काढायला गेला.

मेलेली गुरं नेणारा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्याआधी इथेल चालायची चौकट धरून अंगणात आला. घरापासून गोठा किती तो, पण त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं. मेरिगनं ताडपत्री उचलून धरली. म्हाताऱ्यानं एक हात चौकटीवर ठेवून दुसऱ्यानं कास दाबून बघितली.

"ही रात्रीची नाही. मंगळवारी दुपारी हिची कास तापलेली असणार."

मेरिगनं ताडपत्री आणखी वर धरली.

"गाल लावला होतास?"

मेरिगनं ताडपत्री हातातून सोडली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"जावईबापू, रोज जेवायला बसता तेव्हा डाव्या गालाला शेण असतं. हात धुता, गाल विसरता. ज्याच्या हाताला कळतं तो गाल कशाला लावेल?" इथेलला धाप लागली होती. "लावला होतास का?"

"नाही. ते दोघं बघत होते."

"म्हणजे लाजेनं मारलीस."

"हो."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुन्हा चौकटीवर घेतले. मग म्हणाला, "मी एल्फेदला सांगणार नाही. मलाही त्याच घरात मरायचंय." आणि चौकट वळवून निघाला. मेरिग आधाराला पुढे झाला तर त्यानं कोपरानं त्याला बाजूला सारलं.

शुक्रवारी एल्युनेदनं परातीत गरम पाणी काढून दिलं. मेरिगनं हात बुडवले, गुलाबी होईपर्यंत ठेवले, पुसून लोकरीच्या हातमोज्यांत घातले आणि अंगण ओलांडून परीक्षेसाठी एल्फेदच्या ऑफिसात गेला. अंगणात वारा होता. ऑफिसात हीटर होता, पण तो एल्फेदच्या खुर्चीच्या बाजूला. मोजे काढेपर्यंत टोकं पांढरी झाली होती.

लाउरीबाईंनी लॅपटॉप उघडून दिला आणि नियमाप्रमाणे दुसरीकडे तोंड करून बसल्या. पहिला प्रश्न पाण्याच्या टाकीचा. टाकी एवढी लांब, एवढी रुंद, निम्मी भरली आहे, तर पाणी किती? उत्तर त्याला वाचता वाचताच आलं. त्यानं माउस हलवला. बाण टाकीवरून उडून कोपऱ्यात गेला. पुन्हा आणला. टिचकी बसली ती खालच्या उत्तरावर. पडद्यावरचं घड्याळ उलटं पळत होतं. त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरून माउस ढकलून बघितला. मग सोडून दिला. हात टेबलावर पडून राहिले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. पेन्वेनला ज्यांनी साफ ठरवलं ते हेच हात.

"बाई, हे थांबवा."

"सुरू झाल्यावर थांबवता येत नाही हो. पास होण्यापुरती पंधरा गणितं तरी करा, मेरिग."

"मग पळू दे त्याला. एल्फेदला हाक मारा."

एल्फेद दारातच होता. त्याला वाटलं, लॅपटॉप बिघडला.

"माझ्या बोटांना कळत नाही," मेरिग म्हणाला. "खाणीपासूनच. गारठ्यात काहीच कळत नाही. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

एल्फेद पुढे आला. त्यानं मेरिगचा हात उचलला आणि पहिल्या बोटाचं टोक नखानं दाबलं. "हे?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"हे रे?"

"तेही नाही."

लाउरीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. एल्फेदनं हात खाली ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"आणि पेन्वेन?"

"मी गाल लावून बघतो. गालाला कळतं. त्या दिवशी नाही लावला."

"का?"

"तू बघत होतास."

एल्फेदचा चेहरा लाल झाला. शिवी येईल असं वाटलं. "दाखव," तो म्हणाला. "दुधाची वेळ झालीय. चल, दाखव कसं ते."

मेरिग खड्ड्यात उतरला. वर कठड्याला एल्फेद, त्याच्यामागे लाउरीबाई, आपला लॅपटॉप छातीशी धरून. मेरिगनं कास पुसली, धारा काढल्या आणि मान वाकडी करून गाल लावला. शेपटी तोंडावर आली, ती सारली. पुन्हा लावला. एका गायीनं त्याच्या मानेवर मुतलं. त्यानं बाहीनं पुसलं आणि पुढच्या कासेला गाल लावला. कुणी हसलं नाही. हसले असते तर जरा सोपं गेलं असतं.

एकीपाशी तो थांबला. "पुढचा डावा. थोडी गरम आहे."

एल्फेद खाली उतरला, त्यानं हात लावला. बराच वेळ ठेवला. "आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पुढची आत सोड."

लाउरीबाईंनी पदरचं पेट्रोल जाळून डॉक्टरची चिठ्ठी मिळवली, वरच्या साहेबांशी भांडून आणखी एक परीक्षा काढली आणि टाइप करायला एक बाई बसवली. मेरिगनं डोळे मिटून उत्तरं सांगितली. लेव्हल दोन पास झाला. लाउरीबाई मालकाच्या सहीसाठी आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मेरिगला त्यांच्याकडे बघून बरं वाटल्यासारखं करावं लागलं.

एल्फेदनं सही केली. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, टोपी काढून स्वयंपाकघरात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"तू पास झालास, हे मी नाकारत नाही," तो मेरिगला म्हणाला. "बोली होती तीही नाकारत नाही. पण हाताचं तू लपवलंस आणि गाय गेली. एवढा गोठा मी आता तुझ्या हाती देऊ शकत नाही. रात्री झोप लागायची नाही मला. दरीपलीकडचा तुदुर येतोय कारभारी म्हणून. तू वासरं बघ. पगार आहे तोच राहील."

"आणि घर?" एल्युनेदनं विचारलं.

"तुदुरला घर आहे. पण माझी बायको म्हणते, उन्हाळ्यात हे घर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं दिलं तर..." एल्फेदनं टोपी हातात फिरवली. मग चुलीकडे बघून म्हणाला, "इथेल आहेत तोवर घराला हात लावणार नाही. माझ्या वडिलांनी त्यांना शब्द दिला होता. तो मी पाळणार. पुढचं पुढं."

तो गेला. दार नीट लागलं नाही, एल्युनेदनं उठून लावलं. मग तिनं खिडकीच्या फटीत कापड खुपसलं. मग बापाच्या मांडीवरची घोंगडी वर छातीपर्यंत ओढली.

"अगं, गुदमरवतेस का मला?" इथेल म्हणाला. "ऐकलंत ना? आता मला मरायचीही सोय राहिली नाही."

कुणी हसलं नाही, म्हणून तो स्वतःच हसला आणि हसता हसता त्याला खोकला आला. खोकला लवकर थांबेना. एल्युनेदनं पाणी दिलं. दोघं त्याच्या छातीकडे बघत उभे राहिले.

"बघता काय असे? बाजारात गाय बघतात तसे?"

मेरिग पुढे झाला. त्यानं म्हाताऱ्याची टोपी काढली, ती आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्यानं काढली असेल. खाली वाकून त्यानं म्हाताऱ्याच्या कपाळाला आपला गाल लावला. इथेल दचकला, मग गप्प राहिला.

"काय रे?" एल्युनेदनं विचारलं.

मेरिगनं गाल काढला नाही.

"थोडं गरम लागतंय," तो म्हणाला.